वेदीचे रुमाल

“फादर, सगळ्यांची पापं ऐकून रात्री झोप कशी लागते हो तुम्हाला?” हे विचारूनच दाखव, अशी पैज मैत्रिणींनी लावली होती. फादर आत कुणाशी तरी बोलत होते, म्हणून मी बाहेर बाकावर बसले. शेजारी चर्चच्या वेदीचे रुमाल धुणाऱ्या मावशी होत्या आणि त्यांची भावजय.

“वन्सं, आता धुणं जमत नाही, हे आज फादरना सांगूनच टाका. बोटं बघा कशी सुजलीत.”

“सांगायलाच आलेय. पण मग धुणार कोण?”

“मशीन आहे की चर्चमध्ये!”

“अगं, मिस्साच्या प्रार्थनेचे रुमाल ते. त्यांच्यावर प्रभूचं शरीर झालेली भाकर ठेवतात. एखादा कण राहिला असला तर? पहिलं पाणी हातानंच काढायचं आणि मातीत ओतायचं. गटारात नाही.”

“दुसऱ्या कुणाला शिकवा.”

“एकीला शिकवलं होतं. तिनं सगळे थेट साबणाच्या पावडरीत भिजवले! ती बादली मी उचलून झाडाला घातली. झाड मेलं.”

“आणि तुमची कंबर गेली.”

“चर्चमध्ये गिटार वाजवायला रांग लागते गं. मोरीत बसायला कोण येतंय?”

“फादरना काय सांगाल?”

“दमले म्हणेन. दुसरं काय.”

दार उघडलं. फादरनी आधी मलाच विचारलं, “तुझं काय गं?”

मैत्रिणींचा प्रश्न राहिलाच, मी भलतंच विचारलं. मी पैज हरले, पण घरी धावतच आले.

“आई, बाबा, शनिवारपासून वेदीचे रुमाल मी धुणार! मावशी खुर्चीवर बसून शिकवणार आहेत. आणि आई, घरचे कपडे कधी धुणार, हे आज विचारू नकोस!”