दहापर्यंत गप्प

दातांच्या दवाखान्यात एक म्हातारा ग्रंथपाल पुस्तकाआड बसला होता. शेजारी शाळेतल्या दोन मैत्रिणी.

“आत्महत्या रोखायच्या तासाला किती खिदळत होतीस गं!”

“मग? ‘बरी आहेस ना’ विचारायचं आणि मनात दहा आकडे मोजत गप्प बसायचं! तुझ्यासारख्या बडबडीला कधी जमणार?”

“तुझ्या वेळी जमलं की.”

“हो बाई. सातव्या आकड्यालाच रडले मी. मरायचंच ठरवलं होतं.”

“आणि आता दाढ दुखते म्हणून बोंबलतेस!”

“जगायचं तर दाढ नको?”

म्हाताऱ्यालाही हसू फुटलं.

“आजोबा, तुम्ही बरे आहात ना?”

“बरा आहे.”

दोघी गप्प. दाढवालीचे ओठ हलत होते.

म्हाताऱ्याने पुस्तक मिटलं. “बोलायला कुणी नसतं गं घरी.”

“सहालाच! मला हरवलंत, आजोबा. सरका, मधे बसते.”