मास्तरांची कंबर

बायको : हे कात्रणांच्या पोत्यात काय करतायत?

मास्तर : काय ते?

बायको : तुमच्या बुटातले सोल, फिजिओबाईंनी दिलेले. उशीत भरायला चिंध्या काढत होते, तर हाताला लागले. दोन्ही.

मास्तर : पडले असतील.

बायको : बुटातून उडी मारून थेट पोत्यात? अहो, काल तुमची कंबर चोळून चोळून माझे हात भरून आले. तेव्हा हूं की चूं केलं नाहीत.

मास्तर : हळू बोल. मामा येतील.

बायको : बाबा सुताराकडे गेलेत. टोचत होते का सोल?

मास्तर : नाही.

बायको : मग? दुखणं थांबलं नव्हतं?

मास्तर : थांबलं होतं, तीच तर पंचाईत. फिजिओबाई म्हणाल्या होत्या ना, सगळ्यांनाच गुण येतो असं नाही? मला नेमका आला. पाऊल सपाट, उभं राहिलं की आत कलतं, आणि ताण गुडघ्यातून वर कंबरेत जातो म्हणे. खालून जरा टेकू मिळाला, आणि मी दिवसभर कटिंगच्या टेबलाशी उभा!

बायको : चांगलंच झालं की.

मास्तर : कोणाचं? मामांनी लगेच दुकानात शाळेचे गणवेश शिवायचं काम धरलं. म्हणाले, मास्तर आता खणखणीत आहेत.

बायको : कामाला कंटाळणारे तुम्ही नाही. खरं काय ते सांगा.

मास्तर : एका मोठ्या कपड्यांच्या कारखान्यातून बोलावणं आलंय. नवे नमुने बनवायचे, माझ्या डोक्याने. उद्या कळवायचंय.

बायको : आणि मला पत्ता नाही.

मास्तर : तू त्यांची मुलगी.

बायको : तुमची कोणीच नाही का मग?

मास्तर : तसं नाही गं. त्यांचे हात थरथरतात, कात्री धरवत नाही. सुईत दोरा ओवण्यापासून त्यांनी शिकवलं, मुलगी दिली, घरात ठेवून घेतलं. त्यांना 'नको' कुठल्या तोंडाने म्हणू? 'जमत नाही' म्हणता येतं. कंबरच गेली तर कोणाला बोल लागत नाही.

बायको : म्हणजे कंबर मोडून सुटणार होतात. आणि कारखान्यात काय, मोडकी कंबर घेऊन जाणार?

मास्तर : तिथे गेल्यावर घातले असते सोल परत.

बायको : धन्य आहे! हसू की रडू?

मास्तर : चार वर्षं बाहेर पडायचं दार शोधतोय. दुसरं सापडलं नाही.

(बाहेर हातगाडी थांबते.)

सासरे : चिमे, शटर पूर्ण वर कर. मास्तर, तुम्ही हात लावू नका, कंबर सांभाळा. हां, जपून आणा रे आत. ठेवा.

बायको : बाबा, हे काय आणलंत?

सासरे : कटिंगचं टेबल, मास्तरांच्या उंचीचं. जुनं माझ्या मापाचं, बुटक्याचं. हे बिचारे त्यावर वाकून वाकून कापतायत, आणि आपण पावलांना दोष देत बसलो! आता म्हातारे होईपर्यंत चिंता नाही. बघा उभे राहून. कोपर बरोबर येतंय?

मास्तर : येतंय.

बायको : सांगा ना.

मास्तर : लाकूड चांगलं आहे, मामा.

बायको : बाबा, ह्यांना दुकान नकोय.

सासरे : टेबल नको?

बायको : टेबल नाही, दुकान. कारखान्यात जायचंय. तुम्हाला 'नको' म्हणवत नाही, म्हणून सोल काढून ठेवले आणि कंबर दुखवून घेतली.

सासरे : खरं का, मास्तर?

मास्तर : हो, मामा.

सासरे : कंबरेचं काहीतरी करता आलं असतं हो.

मास्तर : मी राहतो. गणवेश झाल्याशिवाय कुठे जात नाही.

सासरे : गणवेश झाले की दुसरं काहीतरी निघेल. कळवा त्यांना, येतो म्हणून.

मास्तर : पण तुमचे हात...

सासरे : चिमे, सुतार लांब गेला नसेल. हाक मार त्याला. पाय कापून घेऊ टेबलाचे, मला उंच पडेल हे.