विहिरीपलीकडचं बोट

ताईच्या आणि आपल्या शेतांमधली विहीर आपल्या हद्दीत आली, की धाकट्या भावाची पाण्याची ददात जन्माची मिटणार होती. मोजणी कार्यालयाच्या बाकावर तो ताईला मोबाइल दाखवत होता.

“कार्यालयाने दिलेले माझ्या हद्दीच्या बिंदूंचे आकडे जसेच्या तसे नकाशात टाकलेत. तरी नकाशा म्हणतो, आकार बंद नाही.”

“हद्द निघते तिथेच मिटते. पहिला बिंदू शेवटी पुन्हा लिहितात. तुझा पहिला वेगळा, शेवटचा वेगळा.”

“बोट लागलं असेल.”

“बोटाला तहान बरी लागली. नेमकं विहिरीपलीकडे गेलं.”

“मग पहिला शेवटच्यासारखा करू?”

“कर.”

आकार उमटला. विहीर ताईच्या हद्दीत राहिली.

“पाणी देशील ना, ताई?”

“आजवर न विचारता नेत होतास. आता विचारून ने.”