उन्हात जाऊ नका म्हने

...आन् वरून डाक्टरनी म्हने उन्हात जाऊ नका! आता तुम्हीच सांगा, हरभरा काय घरात पंख्याखाली बसून सोंगता येते? तुम्हाले सांगते, आमच्या सुलतानपुरात उन्हात न जानारी एकच बाई हाय, ती मरीमाय, आन् तीबी देवळाले छप्पर टाकल्यापासून.

हे पाहा माहे गाल. वांगाचे काळे डाग. कपाळावर वांग, नाकावर तं असं बसलं हाय का कोनी तव्याचा हात पुसला. इतकी वर्सं कोनी काही म्हनलं नाही. पन माह्या छकुलीचं जुळलं, साखरपुड्याले मलकापूरच्या विहीनबाई आल्या, वच्छलाबाई. मले कुंकू लावता लावता त्याइचं बोट थांबलं. हळूच म्हने, "हे डाग कायचे वो? घरान्यात हाय का?" घरान्यात! म्हंजे पोरीलेबी निघतीन, असं. माह्या तोंडापायी पोरीची सोयरीक मोडते का काय? तिकडं पोरगी आपल्या गालावर डाग हुडकत आरशासमोरून हलून नाही राह्यली.

मंग काय, जो तो डाक्टर. जाऊबाई म्हने, "लिंबू चोळ, साफ निघते." चोळलं आन् तशीच गेली वावरात. संध्याकाळी तोंड अशी आग करे, आन् डाग पह्यल्यापेक्षा काळे. आमचे हे, रंगराव, म्हंते, "मले तं तू पह्यल्यापासून अशीच दिसतं." आता ही तारीफ होती का काय होतं, मले अजून समजलं नाही.

शेवटी मेहकरले गेलो, चामडीच्या डाक्टरनीकडं. एसीत बसेल, तोंड कसं लोन्यावानी. म्हने, "काकू, हा रोग नाही, घराण्याचा दोष नाही. वर्षानुवर्षं ऊन लागून पडलेले डाग आहेत. उन्हात जाऊ नका." मी म्हनलं, एवढं मलकापूरले फोन करून सांगता का? ती हसली, आन् दोन ट्यूबा देल्या. "ही रात्री झोपताना. आणि ही सनस्क्रीन, रोज सकाळी, उन्हात निघायच्या आधी."

आता रात्री तोंडाले मलम लावून दाखवू कोनाले? हे तं जेवले का घोरते. आन् ती सकाळची कशी, पांढरीशुभ्र, वासाची, लावली का तोंड उजळते. इतकी चांगली चीज हरभऱ्यात वाया घालू? नवी साडी कोनी वावरात नेसते का? म्या ती पेटीत ठेवली, लग्नकार्याले. आन् रात्रीची लावली सकाळी, वावरात जाताना, चांगली जाड. तोंडाची अशी सालटं निघाली का विचारू नका... आन् भाच्याच्या वरातीत रात्री सनस्क्रीन लावून फिरली, चांदन्यात.

पुन्हा मेहकरले गेली, तं डाक्टरनीनं कपाळाले हात लावला. "काकू, सगळं उलटं केलंत, रात्रीचं मलम उन्हात चालतच नाही." मंग बाई, ट्यूबवर चंद्र काढून द्याचा ना! आता लय महिने लागतीन म्हने. आन् पुन्हा तेच, उन्हात जाऊ नका.

आन् लग्न कवा? वैशाखात, भर दुपारी. नवरदेवाचे दोस्त डीजेपुढं नाचून राह्यले, आन् मी मांडवाच्या तोंडाशी आरतीचं ताट घेऊन उन्हात उभी. कोन्या उन्हात जाऊ नोको मी, सांगा? सारं लग्नभर माही नजर विहीनबाईवर, का आता काही बोलतीन, मंग बोलतीन. नाही बोलल्या. अक्षता पडल्या तवा कुठं माह्या जिवात जीव आला, रडूच कोसळलं.

परवा अल्बम आला. फोटोवाल्यानं सगळ्याइचे तोंडं धुऊन काढले, कनकीच्या गोळ्यावानी गुळगुळीत. माह्या गालावर एक डाग नाही. मी मनात म्हनलं, आता पाहू दे मलकापूरले. विहीनबाईनं चष्मा लावून पानंच्या पानं पाह्यले, एका फोटोवर बोट ठेवलं आन् म्हने, "छकुलीपाशी ह्या गोऱ्यापान बाई कोन वो, तुमची बहीन? आन् तुम्ही कुठं होत्या, एकाबी फोटोत नाही!"

काय सांगता आता... म्हनलं, "हाव, बहीनच हाय. मी वावरात गेलती."