प्रज्ञानं मोडायला लावलेला ट्रक

भंतेजींना वंदन. आष्टीतल्या माझ्या भावकीला, शेजाऱ्यांना, जालन्याहून आलेल्या प्रज्ञाच्या शाळेतल्या सरांना, मॅडमना, तिच्या हाताखाली शिकलेल्या लेकरांना, सगळ्यांना जय भीम.

मला बोलता येत न्हाई. आयुष्यभर ट्रक चालवला. जालन्यातून सळई भरायची अन् लांब लांब उतरवायची. केबिनमधी बोलायला कोण असतंय? आज लेकीबद्दल बोलायची पाळी आली. खरं तर तिनं माझ्याबद्दल बोलायचं होतं, माझ्या फोटोसमोर. ते उलटं झालं. मी जमेल तसं बोलतो. मधीच थांबलो तर थांबू द्या. कुणी उठून पाणी आणू नका.

प्रज्ञा गणित शिकवायची, हे तुम्हाला ठाऊक हाये. पण रविवारी ती रिमोटचे ट्रक चालवायची, हे कितीकांना माहीत होतं? खेळण्याच्या दुकानातले न्हाई बरं का. ते पडले की संपले. हिचा ट्रक हातभर लांब, पण खरा. त्याला शॉकअप, त्याला गिअर, नट न् नट खोलता येणारा. शिकलेली, नोकरीची बाई, अन् ढेकळातून गाडी पळवती, म्हणून लोक हसले. ती म्हणायची, माझ्या बापानं मोठा चालवला, मी छोटा चालवते.

हा ट्रक घ्यायचा होता तवा ती मला जुन्या जालन्यात वसीमभाईंकडं विचारायला घेऊन गेल्ती. वसीमभाई ते तिकडं मागं बसलेत. कापडाचे व्यापारी, पण त्यांनाही हाच नाद. मी तिथं विचारलं, सगळ्यात जोरात पळतो तो कोणता? दोघं एकमेकांकडं बघून हसले. प्रज्ञा म्हणाली, बाबा, किती पळतो ते मागून विचारायचं. आधी विचारायचं, मोडला तर पार्ट मिळतो का. अन् पुढची ती आडवी दांडी, आर्म म्हणतात तिला, ती मी लोखंडाची घे म्हणत होतो. मजबूत. तिनं प्लॅस्टिकची घेतली. लोखंड वाकलं की वाकलं, अन् सगळा धक्का आत गिअरला देतं. प्लॅस्टिक लवतं, परत जागेवर येतं. अन् लई झालं तर ते तुटतं, आतलं वाचतं. मला ते बराबर वाटलं. पटलं मला.

मंग तिला रक्ताचा कर्करोग निघाला.

दवाखान्याचं मी सांगत न्हाई. ज्यांनी बघितलं त्यांना ठाऊक हाये. तिची शाळा सुटली, जालन्याची खोली सुटली, ती इथं घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं, धूळ बिलकुल नको, गर्दी नको. आता आपल्या गावात धूळ नको म्हणजे कुठं ठेवायचं लेकराला? मागच्या खोलीची खिडकी मी काचेची करून घेतली. खिडकीच्या मागं आपलं रान. कापूस उलंगला होता, वेचणी संपून रान मोकळं पडलेलं. ती खाटेवर बसून आतून रिमोट चालवायची अन् ट्रक बाहेर पळायचा. उलटला की मी जाऊन सरळ करायचो. मोठी गाडी चालवणारा माणूस मी, लेकीचा क्लीनर झालो. लई खुशीत झालो.

पुढं तिचे हात थरथरायला लागले. एक दिवस तिनं रिमोट माझ्या हातात दिला. म्हणाली, आता तुम्ही चालवा, मी बघते.

मी चालवला. हळू हळू. दगड चुकवून, खड्डा चुकवून. ती काचेवर टकटक करायची अन् बांधाकडं बोट दाखवायची. बांधावरून उडी मारा. मी मान हलवायचो, न्हाई. रोज तेच. ती बोट दाखवायची, मी न्हाई म्हणायचो. तिच्या आवडीची वस्तू, तिला काही झालं तर? म्हणजे ट्रकला म्हणतो मी.

एक दिवस ती चिडली. आजारात ती चिडत नव्हती, पण त्या दिवशी चिडली. म्हणाली, तुम्ही ट्रक मला जपल्यासारखा जपून राह्यले. असा चालवायचा असतो का? मंग मीबी रागात बाहेर गेलो अन् दिला सोडून बांधावरनं. वर गेला, खाली आपटला. आर्म तुटला, एक चाक आडवं झालं. मी तिथंच खाली बसलो. खिडकीकडं बघितलं तर लेक हसत होती. कितीतरी दिवसांनी दात दिसले तिचे.

अन् मंग तिनं मला शिकवलं. मी ट्रक ब्रशनं झाडून, पुसून आणायचो अन् दाराबाहेर पोतं टाकून बसायचो. ती आतून सांगायची. मोठ्या गाडीचे नट आवळलेले हात माझे. पहिलाच स्क्रू असा पिळला की प्लॅस्टिकचे आटेच गेले. ती म्हणाली, बाबा, ही सळईची गाडी न्हाई, बोटानं आवळा. दोन गिअर बसवताना मधी कागदाची पट्टी कशी धरायची, दाबून स्क्रू कसा लावायचा अन् मंग कागद ओढून कसा काढायचा, म्हणजे दाते लई घट्ट न्हाई अन् ढिलेबी न्हाई, हे तिनं शिकवलं. पाण्यातून गेला तर बेअरिंग जल्दी वाळवायचे, न्हाईतर गंजतात, हे शिकवलं. चुकलो की परत खोलायला लावायची. गणिताची मॅडम ना ती. वसीमभाई पार्ट घेऊन यायचे, अन् काचेबाहेर उभं राहून म्हणायचे, बेटी, बाबा को पास किया के नहीं?

मी एकदा तिला विचारलं. कशाला मोडायला लावलास? चांगला चालत होता.

ती म्हणाली, "बाबा, मी हाये तवर मोडू द्या. मी गेल्यावर पहिल्यांदा मोडला, तर तुम्ही हात लावणार न्हाईत. कपाटात ठेवाल अन् कपाटासमोर बसून राहाल. आईला बोलायला तिच्या बाया हायेत. तुमचं काय?"

मी हातातला स्क्रू आवळत राह्यलो. तिची आई स्वयंपाकघरातून आली. हाताला पीठ तसंच. ती मला एवढंच म्हणाली, ती सांगती तसं करा.

मी केलं. मोडत गेलो, जोडत गेलो.

आता शेवटचं सांगतो. तिच्या शेवटच्या शुक्रवारी ती जरा बरी होती. म्हणाली, बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवा, उद्या सकाळी बघू. मी केली. शनिवारची सकाळ झाली, पण ती उठली न्हाई.

त्या बॅटरीचा एक नियम असतो. पूर्ण भरलेली तशीच ठेवायची नसते. ती फुगते, खराब होते. वापरायची, न्हाईतर निम्मी करून ठेवायची. सगळे पाहुणे घरात, अन् माझ्या डोक्यात ते येऊन राह्यलं. लेकीची राख अजून गार व्हायची होती अन् हा बाप बॅटरीचा विचार करतो, म्हणून माझी मलाच लाज वाटली.

काल सकाळी मी ट्रक बाहेर काढला. बांधावरून उडी मारली. परत मारली. खिडकीकडं पाठ करून उभा राह्यलो, कारण तिकडं बघणं माझ्याच्यानं होईना. तिनं भरून ठेवायला लावलेली ती बॅटरी होती. ती संपेल तशी गाडी मंद होत गेली, अन् मी रानात रडलो. दवाखान्यात रडलो नव्हतो. स्मशानातबी न्हाई. मंग ट्रक उचलला, पोत्यावर बसलो. मागचा आर्म तुटला होता. नवा बसवला. पहिल्या वेळेलाच बराबर बसला.

सांगायला कुणी नव्हतं.

एवढंच. आता भंतेजींची परवानगी घेऊन विनंती करतो, सगळे उभे राहा. माझ्या प्रज्ञासाठी जरा वेळ कुणी काही बोलू नका.

जय भीम.