मायच्या हँडलचा साबण

हसा तुम्ही, पण मायचं बोलणं ऐकून त्या दिवशी जीव भांड्यात पडला माझा.

झालं असं, गुडघ्याचं ऑपरेशन करून माय घरी येणार होती. मोरीत धरून उठाले हँडल पाह्यजे, म्हणून म्या ॲल्युमिनियमची जाड पट्टी आणली. एक तुकडा तसाच वाकवला, तं कोपऱ्यात चिरला. म्हटलं तापवू. वखराची लोखंडी पास लाल करून ठोकाची आपली सवय. दुसरा तुकडा कोळशावर धरून लाल होयाची वाट पाहून राह्यलो, तं लाल न होताच निखाऱ्यात गळून पडला.

आता एकच तुकडा उरला. खिडक्या बसवणाऱ्या साळ्याले फोन लावला. तो म्हणे, "भाऊजी, ते लाल होत नाई, सरळ वितळते. त्याले आधी साबण घासा. मंग आचेवर धरा. साबण काळा पडला की पट्टी नरम झाली समजा, आचेवरून काढा. गार होऊ द्या, मंग पाईपावर दाबून हळूहळू वाकवा."

मोरीतलाच साबण उचलला. पट्टी अशी वाकली, की चीर नाई. लगेच भिंतीले स्क्रूनं बसवली.

माय आली अन् मोरीत गेली. मी अन् बायको दाराले कान लावून उभे.

मंग मायनं हाक मारली, "बाळू."

बायकोनं माझा हात घट्ट धरला. म्या म्हटलं, "काय झालं माय?"

"धरून उभी तं झाली मी. पण साबण कुठी नेऊन ठेवला रे?"