राजकुंवरबाईंचं पारणं

मला एक सांगा हो, सत्तरी उलटलेल्या बाईला पहाटे जाग येते, हा काय रोग झाला? आपल्या घरातलं कोणतं म्हातारं माणूस उन्हं अंगावर येईपर्यंत घोरत पडतं? पण सावद्याच्या राजकुंवरबाईंना दवाखान्यात पहाटे जाग आली, त्यांनी पडल्यापडल्या नवकार मंत्र म्हणायला सुरुवात केली, एवढ्यावर त्यांना झोपेची गोळी लागली, आणि तिथून जे सुरू झालं ते... काय सांगू! बरं, वाईट कोणाच्या मनात होतं म्हणावं, तर कोणाच्याच नाही. सगळं त्यांच्या भल्यासाठीच!

तसं मूळ दुखणं साधं होतं. बाई मोरीत घसरल्या, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, हाड सांधलंही. राहिलं काय, तर पुन्हा चालायला शिकणं. त्यासाठी मुलानं, भंवरलालनं, त्यांना जळगावला पिंप्राळ्याच्या वाटेवर एका ट्रस्टच्या दवाखान्यात ठेवलं. लांबलचक व्हरांडा, दोन्ही अंगांना लाकडी कठडे, ते धरून म्हाताऱ्यांनी पावलं टाकायची. महिन्यातून एकदा धुळ्याहून मोठे डॉक्टर यायचे. त्यांच्यासमोर जो नुसत्या काठीवर व्हरांड्याच्या टोकाला जाऊन परत येईल तो घरी जाणार. नाही जमलं त्यानं महिनाभर पुन्हा खाटेवर. राजकुंवरबाईंना घरी जायचं होतं. दुसरं काही मागणं नव्हतं त्या बाईचं! ओट्यावर बसून केळीच्या गाड्या जाताना बघायच्या, येणाऱ्याजाणाऱ्याला हटकायचं, आणि मरण आलं तर आपल्या घरात यावं, बस.

पण पाय उचलायला आधी डोळे उघडे नकोत का? रात्रीची गोळी दुपारपर्यंत उतरायची नाही. कठडा धरून उभ्या राहिल्या की उभ्याउभ्याच डोळा लागायचा. वॉर्डातल्या शेवंताबाई सिस्टर फार मायेची बाई, त्या घाबरल्या. "अगंबाई, यांना चक्कर येते वाटतं!" झालं, चक्करेची गोळी! तिनं तोंडाला कोरड पडली आणि पोट साफ होईना, म्हणून पोटाची गोळी. तिनं चार वेळा उठवलं, म्हणून ताकदीचं औषध. ताकदीच्या औषधानं छाती धडधडायला लागली, म्हणून छातीची गोळी. सुरू करायला सगळे पुढे, पण बंद करायला कोणी आहे का? आणि का म्हणून बंद करतील? सगळं त्यांच्या भल्यासाठीच!

भेटायला येणाऱ्यांचं तर विचारूच नका. फळं कोण आणतो हो? सोहनलाल मामा आले ते कागदाच्या पुडीत गोळ्या घेऊन. "माझ्या सासऱ्यांना फार लागू पडली होती. ते गेले, एवढ्या उरल्या. चांगली वस्तू टाकायची कशी?" सासरे गेले ना हो, मामा! पण हे बोलणार कोण? सून कुसुमलता, गुणी पोर, तिनं पदराला हात पुसले आणि सासूच्या तोंडात गोळी घातली, वर पाणी.

राजकुंवरबाई नाही म्हणायच्या नाहीत. देणाऱ्याचा हात मागे सारायचा नाही, हे त्यांच्या हाडातच होतं, मोडलं तरी. शेजारच्या खाटेवर धुळ्याकडची बेबाबाई, खुब्याचं दुखणं, पण जीभ अगदी धडधाकट. ती ओरडायची, "ओ भाऊ, म्हतारी शे ती, बैल नई शे! कितल्या गोया चारशात?" सगळे हसायचे. बेबाबाईची स्वतःची गोळी मात्र उशीखाली जायची, हे कोणाला दिसलं नाही.

मग पजूसण आले, आम्हा जैनांचे उपवासाचे दिवस. तुम्हाला सांगते, इतके दिवस ज्या बाईनं तोंडातून ब्र काढला नाही, तिनं एका सकाळी दर्शन द्यायला आलेल्या साध्वीजींपुढे हात जोडले आणि तीन उपवासांचं पच्चक्खाण, म्हणजे व्रतच घेऊन टाकलं! दिवसा उकळलेलं पाणी, बाकी काही नाही. भंवरलाल धावत आला. "माँ, या वयात? आणि औषध?" बाई म्हणाल्या, "उपवासात औषध कसं चालेल, बेटा?" कुसुमलता म्हणाली, "आता मोडलं तर पाप आपल्या माथी." सिस्टरनी गोळ्या भंवरलालच्या हवाली केल्या. धर्मापुढे गोळी काय करणार?

पहिला दिवस वाईट गेला. हात थरथरले, डोकं ठणकलं, बाई बेबाबाईवर विनाकारण खेकसल्या. दुसऱ्या दिवशी डोळे स्वच्छ झाले आणि भिंतीवरची पाल बघून म्हणाल्या, "ही इथे कधीपासून आहे?" तिसऱ्या दिवशी उठल्या, काठी घेतली, आणि कठड्याला बोटसुद्धा न लावता व्हरांड्याच्या टोकाला जाऊन परत आल्या! सगळा वॉर्ड उठून बसला. "माय वं, तू तं चाली राहिनी!" बेबाबाईच्या डोळ्यांत पाणी. राजकुंवरबाई खाटेवर टेकल्या, हसल्या आणि मुलाला म्हणाल्या, "गोळ्या नाहीत ना, म्हणून पाय मोकळे झाले रे."

आता हे वाक्य मनावर घ्यावं की नाही? पण भंवरलालनं तर त्यांचे पाय धरले. "माँ, हा तपाचा प्रताप!" मोठे डॉक्टर परवा यायचे होते. राजकुंवरबाईंनी त्याच संध्याकाळी आपलं बोचकं बांधून खाटेच्या पायथ्याशी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी पारणं. अर्धं सावदा जळगावात उतरलं. "सुखसाता आहे ना?" करत माणसं येतायत, मुगाचं पाणी वाटीत, कपाळावर टिळा, आणि त्या गर्दीत भंवरलालला आठवण झाली, की तीन दिवसांच्या गोळ्या राहिल्या! त्या त्यानं डबीत जपून ठेवल्या होत्या. "उद्या डॉक्टर येणार, माँला ताकद नको? राहिलेलं औषध अंगात गेलं पाहिजे." सिस्टर म्हणाल्या, "एकदम सगळ्या नका देऊ हो, दिवसभरात थोड्या थोड्या द्या." हा त्यांचा शहाणपणा! राजकुंवरबाईंनी पहिल्यांदा तोंड फिरवलं. "आज नको, बेटा. घरी गेल्यावर घेईन." तर मुलगा म्हणतो कसा, "घरी जायचं म्हणूनच घे ना, माँ!" आईला घरी न्यायचं म्हणून पोरगा सकाळपासून स्वतः उपाशी होता. त्याच्या तोंडाकडे बघून बाईंनी आ केला. सकाळी, दुपारी, सांजेला. बेबाबाई ओरडली, "बठ्ठ्या गोया चारी दिन्यात का? तिले जाऊ द्या ना घर!" कुसुमलता तिला समजावत म्हणाली, "अहो मावशी, त्यांच्या भल्यासाठीच!"

रात्री कोणी नवकार म्हटला नाही. सगळ्यांना छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुळ्याहून मोठे डॉक्टर आले, सिस्टर आणि कुसुमलता दोघींनी धरून राजकुंवरबाईंना उभं केलं, त्या तिथेच खाली बसल्या, बोचकं सोडून लुगडी पुन्हा खणात गेली, आणि उपवासानं अशक्तपणा आला म्हणून त्यांना आणखी एक गोळी सुरू झाली.